लेकीचं पहिलं मत

आमच्या घरात मत कोणाला द्यायचं हे कधी कोणी विचारलं नाही. माझे जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, गावचे सरपंच. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी त्यांच्याच माणसांना मत देत आले. चिन्ह कोणतं ते नवरा आदल्या दिवशी सांगायचा, बस्स.

आमचं गाव आरमोरीच्या रस्त्यापासून जंगलाच्या वाटेने आत आहे. आधी गावात एसटी यायची. रस्ता उखडला तशी ती बंद झाली, आणि कॉलेजात जाणाऱ्या पोरी घोळक्याने फाट्यापर्यंत चालत जाऊ लागल्या. माझी लेक त्यांच्यातलीच. मग त्या वाटेवर वाघाने एका गुराख्याला नेलं. काही घरांनी पोरींचं कॉलेजच बंद केलं. मी नाही केलं, पण जिवाला घोर लागला तो लागलाच. धानाच्या बांधीत निंदायला वाकले तरी कान वाटेकडे. संध्याकाळी ती अंगणात दिसेपर्यंत घोटभर चहासुद्धा गळ्याखाली उतरायचा नाही.

जेठांना मी म्हटलं, पोरींनीही जाऊन सांगितलं, तर ते म्हणायचे, "डेपोत बोलून राह्यलो ना बाई. होते सगळं."

तेवढ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. जेठ पुन्हा उभे राहिले. त्यांच्यासमोर उभी राहिली गावातलीच एक पोरगी, नुकतीच नर्सिंग शिकून आलेली. मोठी माणसं हसली. पोरं मात्र हसली नाहीत. त्यांनी दोघांनाही देवळासमोर बोलावलं, सगळ्यांसमोर प्रश्न विचारायला. असं आमच्या गावात कधी झालं नव्हतं.

मी बायांमध्ये डोक्यावर पदर घेऊन उभी होते. पहिली उठली ती माझीच लेक.

"मोठेबाबा, बससाठी तुम्ही डेपोत कधी गेले होते?"

मी पदर अजून पुढे ओढला. जेठ जरा हसले. "घरची गोष्ट घरी बोल, बेटा."

"बस घरची नाई, मोठेबाबा. गावची आहे."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे नुसते जेठांकडे पाहत राहिले. ते घसा खाकरून दुसऱ्याच कशावर तरी बोलू लागले.

दुसऱ्या दिवशी ते घरी आले. खाटेवर बसले, पण पाण्याला हात लावला नाही. माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तुह्या पोरीले समजाव. घरचंच मत फुटलं तर मी लोकाईले काय तोंड दाखवू?"

नवऱ्याने लेकीला हाक मारली. ती आली, दाराला टेकून उभी राहिली. शांतपणे म्हणाली, "मत मी देईन. कोणाले ते सांगणार नाई. बाबा, तुम्ही बी मले सांगू नका."

त्या दिवसापासून बाप-लेकीचं बोलणं बंद झालं. एकाच घरात दोघं, आणि मध्ये मी, याचा निरोप तिला नि तिचा याला देत. जाऊ दिसली की मान वळवायची. धानाची कापणी तोंडावर आली होती, तरी माझं मन एका जागी ठरत नव्हतं. कधी वाटे, पोरगी जास्तच बोलली. कधी वाटे, मी इतकी वर्षं बोललेच नाही.

मतदानाच्या दिवशी हैदराबादला कामाला गेलेली पोरं आली. एरवी त्यांच्यासाठी उमेदवार गाडी पाठवायचे. या वेळी ती आपली आपणच आली, आणि कोणाच्या मांडवात चहा प्यायला न जाता सरळ रांगेत लागली. लेक माझ्या पुढे होती. शाई लावलेलं बोट तिने एकदा पाहिलं आणि मागे न बघता निघून गेली.

मी यंत्रासमोर उभी राहिले. जेठांचं चिन्ह वरच होतं, ओळखीचं. मी खालचं बटण दाबलं. बाहेर आले तर नवरा उभा. त्याने काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

जेठ थोडक्या मतांनी पडले. गावात गुलाल उडाला. आमच्या घरी चूल पेटली, पण कोणी नीट जेवलं नाही. लेकसुद्धा मिरवणुकीत गेली नाही. तिच्या डोळ्यांत आनंद होता, आणि भीतीही.

नव्या सरपंचीणबाईने रस्त्यावर मुरूम टाकून घेतला, डेपोच्या चकरा मारल्या. सकाळची बस सुरू झाली. संध्याकाळची नाही. मग हीच पोरं तिच्याही दारात जाऊन उभी राहिली. "डेपोवाले ड्रायव्हर नाई म्हणतात," ती म्हणाली. "मंग उद्या आम्ही बी येतो तुमच्यासोबत," माझी लेक म्हणाली, आणि सगळे मिळून गेलेही.

कित्येक महिन्यांनी जेठ अंगणात आले. मी चहा दिला, तो त्यांनी घेतला. लेकीला जवळ बसवून म्हणाले, "इतकं मनात होतं, तर मले आधी काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं होतं, मोठेबाबा. तवा आम्हाले मत नव्हतं, म्हणून तुम्ही आयकलं नाई."

त्यांनी कप खाली ठेवला. रागावले नाहीत. जाताना नवऱ्याला म्हणाले, "हिले पुढं शिकू दे."

आता बाप-लेक बोलतात. ती विधानसभेच्या उमेदवारांना काय विचारायचं ते पोरींसोबत ठरवते आहे. आणि संध्याकाळची बस अजून आलेली नाही. दिवस कलला की मी हातातलं काम टाकून गावाच्या टोकाशी जाऊन उभी राहते.