मोठ्या टीव्हीची पहिली रांग

नव्वदच्या दशकात आमच्या कुरुंद्यातल्या घरी लाकडी शटरचा, काळा-पांढरा, छोटा टीव्ही होता आणि त्याच्यापुढे कोणी कुठे बसायचं हे ठरलेलं होतं. सगळ्यात पुढे, टीव्हीच्या अगदी नाकासमोर, सतरंजीवर गल्लीतली वडीलधारी मंडळी आणि आमचे वडील. त्यांना आम्ही दादा म्हणतो. त्यांच्या मागे बाकीचे बाप्ये, मग पोरं, आणि पार शेवटी स्वयंपाकघराच्या दारात बाया, अर्धं लक्ष चुलीवर ठेवून. ज्याचा मान मोठा, तो टीव्हीच्या जवळ. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. पडदा पाटीएवढा असल्यामुळे जवळ बसण्यात फायदाही होता. माझं काम माळवदावर जाऊन अँटेना फिरवण्याचं. ते मला बऱ्यापैकी जमायचं, आणि तेवढ्याशा भांडवलावर मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला टीव्हीतला जाणकार समजत आलो.

त्यात मी शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. हे इथे सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण गावात सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा लपवून उपयोग नाही.

माझी मोठी बहीण, अक्का, हिंगोलीपलीकडे पुसेगावात दिलेली. तिथल्या बायांचा बचत गट करून तिने हळद दळायची चक्की टाकली होती आणि हळदीच्या पुड्या घेऊन ती आठवडी बाजारात बसायची. दादांना हे मुळीच पसंत नव्हतं. त्यांनी जन्मभर हळद पिकवली, शिजवली, वाळवली आणि वसमतच्या मोंढ्यात नेऊन घातली. "आपून पोत्यानं इकणारी मानसं, अन् लेक पुड्या घेऊन बाजारात बसती," एवढं ते एकदाच बोलले. त्यानंतर अक्काच्या कामाचा विषय निघाला की ते उठून गोठ्याकडे जायचे. लेकरं कशी आहेत, जावयाची तब्येत कशी आहे, हे सगळं विचारायचे. चक्कीचं नाव काढायचे नाहीत. आई गेल्यापासून बापलेकीचे निरोप माझ्यामार्फत जायचे आणि त्यातले बरेचसे मी वाटेतच मऊ करून टाकायचो.

दोन हजारचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. अक्काचा फोन आला. सरकारी चॅनलवाले चक्कीवर येऊन शूटिंग करून गेले होते आणि येत्या सोमवारी संध्याकाळी शेतीच्या कार्यक्रमात ती दिसणार होती.

"दादाला समोर बसव," ती म्हणाली. "म्या काय करून राहिले ते त्यांनी एक बार डोळ्यानं बघावं. माझ्या तोंडचं ते आईकूनच घेत न्हाईत. तेवढं कर बाबा. दुसरं काई मागत न्हाई."

अक्काने याआधी कधी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. माझा ऊर भरून आला, आणि माझा ऊर भरून आला की मी हमखास काहीतरी खरेदी करतो.

घरात तेव्हा पाठीला मोठं पोट असलेला रंगीत टीव्ही होता. चांगला चालायचा. पण अक्का टीव्हीवर येणार आणि ती त्या डबड्यात? मी नांदेडला गेलो. दुकानात भिंतीवर एक भला मोठा चपटा टीव्ही लावलेला होता आणि त्यात पोपट होते. हिरव्यागार पोपटाचं पीस न् पीस सुटं दिसत होतं. चोचीवरचा ओरखडासुद्धा दिसत होता. दुकानदार म्हणाला, "सर, ये एचडी है." मी 'ते मला माहीत आहे' अशा अर्थाने मान हलवली. जुना टीव्ही देऊन नवा घ्यायची योजना चालू होती, म्हणून जुना देऊनही टाकला.

"चांगला चालून राहिला ते काहून दिला?" दादांनी विचारलं.

"दादा, ह्याच्यात माणूस खराखुरा दिसतो," मी म्हणालो.

टीव्ही सोमवारीच दुपारी आला. कंपनीचा माणूस तो भिंतीवर ठोकून गेला, आणि लाइट संध्याकाळपर्यंत येणारच नव्हती, म्हणून तपासून बघायचा प्रश्नच नव्हता. लाइट आली तेव्हा खोली माणसांनी भरलेली होती. दुकानात दाखवतात ते पोपट टीव्हीच्या पोटातच भरून दिलेले असतात, हे मला बटणं दाबता दाबता सापडलं. मी पोपट लावले. खोलीभर "आरं बापरे" झालं. मी हातात रिमोट घेऊन उभा राहिलो आणि एचडी म्हणजे काय यावर, कुणी विचारलेलं नसताना, छोटंसं भाषण केलं. वर्गात मुलं इतकी शांत कधीच बसत नाहीत. मी फार खूश होतो.

मग बसायची व्यवस्था. ती मीच केली, आणि रिवाजाप्रमाणे चोख केली. आमची ती खोली लांबलचक. एका टोकाच्या भिंतीवर टीव्ही, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघराचं दार. टीव्हीपासून हातभर अंतरावर खुर्च्यांची रांग लावली. मधोमध दादा, नवा फेटा बांधून. त्यांच्या दोन्ही बाजूंना गावातली वजनदार मंडळी. कडेची खुर्ची माझी, कारण टीव्ही माझा होता. बाया नेहमीप्रमाणे मागे, दारात.

कार्यक्रम सुरू झाला. आधी मला वाटलं, डिशची तार सैल आहे. निवेदकाच्या तोंडावर चौकोन चौकोन हलत होते, जणू कुणी त्याचा चेहरा शहाबादी फरशीने बसवला होता. बरं, तो आडवाही पसरला होता. नेहमीचा सडपातळ माणूस आज दोघांएवढा रुंद. कपाशीचं शेत आलं, तर ती कपाशी, भात की नुसतं हिरवं पाणी हे कळेना. मी रिमोट हाणायला सुरुवात केली. चित्र उजळ केलं, निवेदक हिरवा झाला. चित्राला धार आणायचं एक बटण होतं, ते शेवटपर्यंत नेलं. चौकोनांना काठ फुटले.

"मास्तर, पोपट बरे व्हते," शेजारच्या खुर्चीतून आवाज आला.

याचं कारण आता मला माहीत आहे, आणि त्या दिवशी कुणाला सांगता आलं नाही म्हणून इथे सांगून घेतो. चॅनलवाले चित्र पाठवायचे ते जुन्या, छोट्या डब्याच्या हिशेबाने, मोजक्या ठिपक्यांचं. माझ्या नव्या पडद्यावर जागा होती कितीतरी जास्त ठिपक्यांची. उंबऱ्यापुढच्या रांगोळीचे ठिपके अंगणभर पसरले की मधली जागा कुणीतरी अंदाजाने भरावी लागते, तसा हा टीव्ही मधल्या जागा आपल्या मनाने भरत होता, आणि त्याचं मन काही फार हुशार नव्हतं. जुन्या डब्याची काच मुळातच थोडी धूसर. ती ठिपके एकमेकांत मिसळून टाकायची आणि दोष झाकायची. नवा टीव्ही काही झाकत नव्हता. त्यातून आलेलं चौकोनी चित्र मी लांबट पडद्यावर कानाला धरून ताणलेलं. पोपट तेवढे खास त्याच्यासाठी काढलेले. आणि यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे लांब बसणं. लांबून डोळेच ते ठिपके जुळवून घेतात. हे सगळं एका विज्ञानाच्या मास्तराला नंतर टीव्हीसोबत आलेलं पुस्तक वाचून कळलं.

पण तेव्हा मी हातभरावर बसलो होतो. आणि अक्का आली.

म्हणजे आवाज आला. "आमी आधी पाच-सहा जणीच व्हतो," असा, तिचा तो थोडा घोगरा, घाई केल्यासारखा आवाज. पडद्यावर एक रुंद पिवळा धब्बा हलत होता आणि त्याच्यावर एक गव्हाळ धब्बा.

दादा पुढे वाकले, मग मागे झाले. "आवाज अक्काचा हाय," ते म्हणाले. "बाई कोन हाय ही?"

"लेक जाड झाली का वो तुमची?" एकाने विचारलं. पुढच्या रांगेत हसू फुटलं. दादा हसले नाहीत. ती तिकडे बोलत होती, गटाने कर्ज कसं घेतलं, चक्की कशी आणली, आणि इकडे माझ्या मानाच्या रांगेत ती कोण आहे यावर वाद चालला होता. मला रडू यायच्या बेतात होतं. तेवढ्यात मागून माझ्या बायकोचा आवाज आला, "अगं बाई, अक्का किती छान दिसून राहिल्यात!" आणि शेजारणी म्हणाल्या, "व्हय की!" मला वाटलं, टोमणा मारतात. बायकोने मला हाकही मारली, "आवो, जरा मागं या. इथून लई चांगलं दिसून राहिलंय." मी वळलोसुद्धा नाही. ज्याच्या घरचा टीव्ही त्याने दारात बायांच्यात जाऊन उभं राहायचं?

दादा उठले. मला पाठ होतं ते, अक्काच्या कामाचा विषय निघाला की गोठा. खुर्च्या सरकवत ते मागच्या दाराकडे चालू लागले. अक्काने एक गोष्ट मागितली होती आणि ती मी अशी वाजतगाजत वाया घालवली होती. पुढची मंडळी आता मोकळेपणाने बोलायला लागली. बाजारात पुड्या विकण्यावरून एकाने काहीतरी काढलंच.

"गप बसा रे समदे!"

मी मागे बघितलं. दादा स्वयंपाकघराच्या दारात, बायांच्या मधोमध उभे होते, चौकटीला धरून. त्या जागी उभं राहिलेलं मी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांची नजर सरळ पडद्यावर होती.

"माझी लेक बोलून राहिली," ते म्हणाले.

अक्का बोलत राहिली, हळद चाळत राहिली, आणि दादा शेवटपर्यंत तिथून हलले नाहीत. मीही माझ्या खुर्चीतून हललो नाही. मागे जाणं म्हणजे टीव्ही फसला असं कबूल करणं होतं, आणि माझा ताठा माझ्या टीव्हीपेक्षा मोठा होता. मी शेवटपर्यंत पिवळे चौकोन पाहिले.

कार्यक्रम संपतो न संपतो तोच अक्काचा फोन आला.

"कशी दिसले रे?"

"छान," मी म्हणालो.

"अन् दादा? बघितलं का त्यांनी?"

मी उत्तर जुळवत होतो, मऊ करायची सवयच ती. दादांनी हात पुढे करून फोन मागितला. एरवी फोनवर ते "हां, बरं हाय, ठेव" याच्यापलीकडे जायचे नाहीत. त्यांनी घसा साफ केला. चक्कीचं काही बोलले नाहीत, पुड्यांचं नाही, चॅनलवाल्यांचं नाही.

"बोटाला काय लागलं माय तुझ्या?" त्यांनी विचारलं. "चाळताना दिसलं. चिंधी बांधलेली हाय."

माझ्या समोर, हातभरावर, त्या एवढ्या मोठ्या पडद्यावर मला चिंधी दिसली नव्हती. बोटही दिसलं नव्हतं.

पलीकडून अक्काचा रडवेला आवाज मलाही ऐकू आला. "चक्कीचा पट्टा लागला, दादा."

"पट्ट्याला जाळी न्हाई का बसवली?" दादा म्हणाले. "हात नको लावू त्याला. म्या बघतो."

फोन माझ्या हातात देऊन ते फेटा सोडायला बसले. सोडता सोडता त्यांनी मला विचारलं, "हिंगोलीची सकाळची पहिली गाडी कवा हाय रे? तिथून पुसेगाव गाठता येतं का?"