खंडेनवमीचे बूट

बूट देवापुढे होते. पाटावर, माझी टेप आणि ओळंबा यांच्या मधोमध, दोन्ही टोकांवर कुंकवाची बोटं. स्वच्छ धुतलेले. साबणाने. दुसऱ्या दिवशी पहाटे हेच बूट घालून मला डोंगर चढायचा होता, आणि दारातनंच दिसत होतं की त्यांचं लाकूड झालंय.

"बघ कसे निघाले," आई म्हणाली. "सकाळपास्नं पत्र्यावर वाळवले."

थांबा, आधी मागचं सांगतो, नाहीतर काही कळायचं नाही.

मी सर्व्हेच्या ऑफिसात आहे. जमीन मोजणाऱ्याला आमच्या मॉरिशसात आर्पांतेर म्हणतात. कुणाचा ऊस कुठे संपतो आणि शेजाऱ्याचा कुठे सुरू होतो, हे सांगणारा माणूस. मी तो नाही, मी त्याचा असिस्टंट. त्यातही ट्रेसिंगच्या टेबलाचा, म्हणजे दुसऱ्यांनी मोजून आणलेलं शाईने कागदावर उतरवायचं. फील्डवरची माणसं संध्याकाळी चिखल आणि गोष्टी घेऊन परत यायची. मी बोटांना शाई घेऊन घरी जायचो. मला फील्डवर जायचं होतं. फार जायचं होतं. बॉसला, मिस्ये (म्हणजे साहेब) रोजेंना, मी इतक्यांदा विचारलं की शेवटी ते वैतागले.

ते क्रेओल, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्यांच्या वंशातले, उंच, कमी बोलणारे. त्यांनी मला एक काम सांगितलं. लॉंग माउंटनच्या डोंगरावर एक खांब रोवायचाय. खाली उसात थिओडोलाइट लावायचा, म्हणजे तीन पायांवरची दुर्बीण, ती कोन मोजते. तिला नेम धरायला उंचावर काहीतरी ठरलेलं दिसावं लागतं. म्हणून खांब. तो खांद्यावर घेऊन मी वर जायचं. मग त्यांनी माझ्या कापडी बुटांकडे बघितलं.

"चामड्याचे घे. स्वतःच्या पायांवर वर गेलास, स्वतःच्या पायांवर खाली आलास, तर फील्ड. लंगडलास तर टेबल."

बस. एवढंच बोलणं.

कापडी बूट का चालत नाहीत, तर आता कापणी चालू आहे. ऊस तोडला की जमिनीत खुंट राहतात, तिरके कापलेले, सुरीसारखे. आणि डोंगरावर काळा दगड, कडा धारदार. जुनी माणसं अनवाणी जातात, पण त्यांचे तळवेच बुटासारखे झालेत. माझे शाईवाल्याचे पाय.

पोर्ट लुईला बाजाराच्या मागे एक म्हातारा कोर्दोनिये आहे, म्हणजे चांभार. तो अजून जुन्या पद्धतीचे बूट हाताने शिवतो. मी दुपारी गेलो तर त्याने मला परत पाठवलं. संध्याकाळी ये म्हणाला. का? तर दिवसभर चालून पाय फुगतात, फुगलेल्या पायाचं माप घ्यायचं. मला हे इतकं आवडलं की मी संध्याकाळी मुद्दाम बस एक थांबा आधी सोडून चालत गेलो. त्याने दोन्ही पाय मोजले, कारण कुणाचेच दोन पाय सारखे नसतात. माझा डावा मोठा निघाला. मला माहीतच नव्हतं.

मी विचारत सुटलो. तळवा चिकटवत का नाही? चिकटवलेला सुटतो, शिवलेला झिजतो, आणि झिजलेला काढून नवा लावता येतो. वरचं चामडं आणि तळवा यांच्यामध्ये एक पट्टी असते, तिला वेल्ट म्हणतात, सगळी शिवण तिच्यात. नवे बूट इतके कडक का? कारण ते अजून कुणाचेच नाहीत. आधी घरात थोडा वेळ घालायचे, मग बुतिकपर्यंत, म्हणजे दुकानापर्यंत, मग शेतात. बोटांच्या मागे घडी पडली की बूट आपला झाला. भिजले तर सावलीत वाळवायचे. ऊन नको, चूल नको. चामडं कोरडं पडलं की तडकतं. म्हणून त्याला चरबी द्यायची, थोडी थोडी, आणि त्याने मला एक डबी दिली.

मी विचारलं, यात काय आहे. मेण, म्हणाला, आणि बैलाची चरबी.

आता हा माझा स्वभाव. नसतं विचारलं तर डबी घरी गेली असती. विचारलं, म्हणून गेली नाही. लालमती गावातल्या आमच्या घरात, जिथे आई रोज देवाला दिवा लावते, तिथे बैलाची चरबी कुठे ठेवणार? बूट बैलाच्याच कातड्याचे होते ते खरं, पण ते ओसरीवर, खोक्याखाली राहायचे. डबी मी ऑफिसच्या टेबलात ठेवली. डोंगराच्या कामाची गडबड सुरू झाली आणि ती तिथेच राहिली.

बूट मात्र मी घालत गेलो. बुतिकपर्यंत, मग देवळापर्यंत, मग उसात. घडी पडली. अगदी जिथे पडायला हवी तिथे. मला इतका आनंद झाला की मी शेजाऱ्यांना पाय वाकवून दाखवला.

आणि मग आली खंडेनवमी, रविवारी. आमच्यात त्या दिवशी अवजारं पुजतात. कोयते, कुदळी, बाबांची करवत, माझी टेप. मी सकाळी देवळात तोरणं बांधायला गेलो होतो. आईने विचार केला, पोरगा आता चालून पोट भरणार, मग त्याचं अवजार कुठलं? बूट. पण मळके बूट देवापुढे कसे ठेवायचे? म्हणून निळा साबण, काथ्या, विहिरीचं पाणी. मग पत्रा, ऑक्टोबरचं ऊन.

मावशी म्हणे येऊन बोलली होती, चामडं कुठं देवापुढं ठेवतात का. तिला आईने ऐकवलं होतं, "भजनातल्या ढोलकीवर काय केळीचं पान ताणलंय?" मावशी निघून गेली होती. बरोबरच होतं ते.

मी बूट उचलायला वाकलो.

"हात लावायचा नाय," आई म्हणाली. "मांडलेलं उद्या फुलं उतरल्याबिगर हलवायचं नाय."

"आये, उद्या पहाटे लॉरी येणाराय. ऑफिसात दसऱ्याची सुट्टी नसते."

"पहाटे उतरवते. त्याच्या आधी नाय."

मी गुडघ्यावर बसून एक बोट डाव्या बुटाच्या घडीवर दाबलं. कट् असा आवाज आला. बारीक तडा. चढताना बूट तिथेच वाकणार, आणि तो तिथेच फाटणार होता. मला चरबी हवी होती. ती पोर्ट लुईला, बंद ऑफिसात, टेबलात, आणि मिळाली असती तरी देवापुढे बैलाची चरबी कोण लावू देणार?

आईचा चेहरा पडला. तो कट् तिनेपण ऐकला होता. तिने विचारलं, चामड्याला लागतं तरी काय. मी म्हटलं, ओशटपणा लागतो. आणि म्हणता म्हणता मला ढोलकी आठवली. ती पण चामड्याची. ती का तडकत नाही?

बापूकाका भजनात ढोलकी वाजवतात. मी देवळात पळत गेलो. ते तोरणाच्या दोऱ्या ओढत होते. म्हणाले, एरंडेल. ढोलकीच्या पानाला, म्हणजे चामड्याला, आतून एरंडेल लावतो, हातावर कोमट करून. मी विचारलं खोबरेल का नाही. ते म्हणाले, खोबरेल पान पटकन पितं आणि पटकन मऊ पडतं. एरंडेल जाड, दमाने आत जातं. कोरड्या पानाला आधी ओलं फडकं फिरवायचं. मी विचारलं किती ओलं. ते म्हणाले, ती दोरी दे इकडं आणि जा आता.

घरी आल्यावर प्रश्न उरला एकच. हलवायचं नाही म्हणजे किती नाही? आईने देवापुढच्या दिव्यात तेल घातलं.

"उचलायचं नाय," म्हणाली. "तेल लाव. देवालापण अंगाला तेल लावतातच की."

मग मी सगळी दुपार देवघरापुढे पोटावर पडून काढली. ओलं फडकं, मग एरंडेल. आई माझ्या तळहातावर ओतायची, मी चोळायचो. पाठीमागची बाजू हाताला येईना, बूट फिरवता येईनात, म्हणून मी स्वतःच पाटाभोवती सरपटत फिरलो. मावशी परत आली, दारातनंच बघितलं, आणि गेली. चामडं तेल पितं तेव्हा रंग बदलतो, माहीत आहे? आधी गडद होतं, मग डाग पसरून एक होतात. मी विसरूनच गेलो की मला काळजी वाटत होती. तेल लावायचं आणि बघत बसायचं. संध्याकाळी घडीवर बोट दाबलं. तडा होताच, पण आवाज नाही आला.

पहाटे आईने फुलं उतरवली, अक्षता टाकल्या आणि बूट स्वतः उचलून माझ्या हातात दिले. लॉरीत चढलो. मिस्ये रोजेंनी नाक वर केलं.

"पोट बिघडलंय?"

आमच्या बेटावर एरंडेल सगळे एकाच कामासाठी पितात. मी म्हटलं, नाही, बूट आहेत. त्यांनी बुटांकडे बघितलं, कुंकवाकडे बघितलं आणि पुढे बघितलं.

चढ वाईट होता. मिस्ये रोजे मागून येत होते, मी लंगडतो का ते बघायला. सगळा वेळ मी खांब कमी आणि डाव्या बुटाची घडी जास्त बघत होतो. उजवी टाच सोलवटली, ती मी कुणाला दाखवली नाही. तडा तेवढाच राहिला. शिवण तर हललीसुद्धा नाही. वर पोचलो, खांब रोवला, दगड रचले, खाली थिओडोलाइटपाशी थांबलेल्या माणसांच्या आरशाचा उजेड चमकला, म्हणजे दुर्बिणीला खांब दिसला. मी उगाचच हात हलवला.

उतरताना मागून फट्फट् आवाज यायला लागला. मिस्ये रोजेंच्या बुटाचा तळवा पुढून सुटला होता. बाहेरून मागवलेले बूट, चकचकीत, पण चिकटवलेले. ते खाली बसले. मी ओळंब्याची दोरी काढून दिली. त्यांनी ती बुटाला गुंडाळली आणि खाली येईपर्यंत तेच लंगडले. मी त्यांच्या मागे, मुद्दाम हळू.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो तर माझ्या टेबलावर नवीन मुलाची शाईची दौत होती.

यंदा नवमीच्या आदल्या दिवशी लॉरी आमच्या दारात थांबली. मिस्ये रोजेंनी खिडकीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी दिलं. त्याच म्हाताऱ्या कोर्दोनियेचे बूट, हाताने शिवलेले, मोठ्या मापाचे.

"तुझ्या आईला सांग," ते म्हणाले, "देवापुढे ठेवायचे. धुवायचे नाहीत."

मी निरोप तसाच्या तसा दिला. आईने कागद सोडला, बूट उलटे करून तळव्याचा चिखल बघितला आणि विहिरीकडे बघितलं.

तेव्हा मला कळलंय ते एवढंच. चामडं सावलीत वाळवावं, तेल थोडं थोडं लावावं, आणि खंडेनवमीला सकाळी घरीच थांबावं.