बासवाल्याची हकालपट्टी

मला माझ्याच बँडमधून काढून टाकलं तेव्हा मी आ वासून पडलो होतो. धक्क्यानं नव्हे. दाढेचं रूट कॅनाल चालू होतं, आणि दाढेवर वाकलेला डॉक्टर हाच आमचा गायक होता. ती हकीकत सांगायचीच आहे, पण भूगोलाचा निवृत्त मास्तर इंग्रजी बँडमध्ये मुळात गेला कशाला, हे आधी सांगावं लागेल.

कॉलेजात असताना शाहूपुरीतल्या एका दुकानात कॅसेटी भरून मिळायच्या. दुकानदाराकडे साठच्या दशकातल्या इंग्लंडच्या बँडांच्या काही अस्सल कॅसेटी होत्या. त्या तो विकायचा नाही, पण काउंटरवर उभं राहून बघू द्यायचा. आतल्या घडीच्या कागदावर वादकांची नावं बारीक अक्षरात छापलेली असत. एकदा एकाच बँडच्या दोन कॅसेटी शेजारी शेजारी ठेवून मी वाचत होतो, तर दोन्हींवरची माणसं वेगळी. ड्रमर दुसरा, गिटारवाला दुसरा. मी दुकानदाराला विचारलं, "पहिला कुठं गेला?" तो म्हणाला, "मला काय ठावं? माझा काय पावणा हाय व्हय?"

तिथं मी जो अडकलो तो आजतागायत. लोकांना गाणी आवडतात. मला कोण आलं, कोण गेलं आणि जाताना कुणाशी भांडून गेलं, हे आवडायला लागलं. एका बँडनं पहिली रेकॉर्ड निघायच्या तोंडावर आपला ड्रमर बदलला, आणि ते त्याला सांगायची हिंमत सोबत्यांना झाली नाही. मॅनेजरनं बोलावून सांगितलं. एका बँडमधून एकामागून एक तीन गिटारवाले निघाले आणि तिघंही बँडपेक्षा मोठे झाले. एकानं बँड काढला, त्याला नाव दिलं, आणि काही वर्षांनी बाकीच्यांनी त्याच्याच घरी जाऊन त्याला सांगितलं की आता तू नको. एका मॅनेजरनं तर कहर केला. बँड भांडून घरी बसला, तेव्हा त्यानं दुसरीच पोरं गोळा केली आणि तेच नाव लावून दौऱ्यावर पाठवली.

माझी बायको याला संगीताची आवड म्हणत नाही. ती म्हणते, "ही दुसऱ्याच्या घरातली भांडणं ऐकायची हौस आहे. आमच्या गल्लीतल्या बायका नळावर फुकट ऐकतात, तुम्ही त्यासाठी पुस्तकं मागवता."

निवृत्त झाल्यावर बँड काढायचं मीच ठरवलं. दंतवैद्य माझा शाळेतला मित्र, गळा चांगला. दुसरा मित्र उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप चालवतो. तरुणपणी मंडळाच्या मिरवणुकीत ताशा वाजवायचा, त्याला ड्रमवर बसवलं. रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक दंतवैद्याचे पेशंट होते. त्यांच्याकडे गिटार होती आणि त्यांना ती खरोखर वाजवता येत होती. मी खालचे जाड सूर धरणारी बास गिटार घेतली. तिला चारच तारा असतात, हे एक कारण. दुसरं कारण असं, की बँडमधला शांत माणूस बास वाजवतो असं मी वाचलं होतं, आणि मी शांत आहे असा माझा समज होता.

दर रविवारी सकाळी दवाखान्याच्या वरच्या खोलीत सराव चालायचा. गाणं निवडलं की मी त्याची पार्श्वभूमी सांगायचो. हे गाणं कुठल्या फळीनं वाजवलं, त्याआधीची फळी कोणती, ती का फुटली. प्राध्यापक गिटार जुळवत बसायचे. ड्रमर काठ्या मांडीवर ठेवून चहा मागवायचा. एकदा तो म्हणाला, "गाणं तीन मिंटाचं, आन पुराण अर्ध्या तासाचं. ह्यापेक्षा आमच्या गल्लीतलं कीर्तन बरं, तिथं शेवटी प्रसाद तरी मिळतोय."

मी हसलो. मला वाटलं, कौतुक आहे.

अशाच एका रविवारी मी त्यांना एका बँडची गंमत सांगितली. त्या बँडात बास वाजवणारा कुणी नव्हताच. ऑर्गनवाला डाव्या हातानं बासचे सूर धरायचा आणि उजव्या हातानं बाकीचं वाजवायचा. एरवी माझं बोलणं चालू असताना कुणी ना कुणी उठून बाहेर जायचं. त्या दिवशी सगळे कान देऊन ऐकत होते.

"डाव्या हातानं?" दंतवैद्यानं विचारलं. "आणि लोकांना काही कमी वाटलं नाही?"

"अजिबात नाही," मी अभिमानानं म्हणालो.

प्राध्यापकांनी ड्रमरकडे पाहिलं. ड्रमरनं छताकडे पाहिलं. मी पुढचा तपशील सांगत राहिलो.

महिनाभरात आमच्याकडे की-बोर्ड वाजवायला एक बाई आल्या. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या, त्याआधी ऑर्केस्ट्रात पेटी वाजवलेली. वेळेवर यायच्या, मोजकं बोलायच्या, एकदा ऐकलं की वाजवायच्या. बँडमध्ये नवा माणूस आला की काय होतं, यावर मी त्यांच्या स्वागताला बरंच बोललो. त्यांच्या डाव्या हाताकडे माझं लक्ष गेलं नाही.

नंतर माझी दाढ ठणकायला लागली. दवाखान्यात गेलो. मित्रानं भूल दिली, तोंडात कापसाचे बोळे बसवले, थुंकी ओढणारी नळी अडकवली आणि दिवा जवळ ओढला. काम सुरू झाल्यावर तो मास्कआडून म्हणाला, "हे बघ, रागवू नकोस. आमचं तिघांचं एक मत पडलंय."

मी भुवया उंचावल्या. तेवढंच शक्य होतं.

"बासचं काम बाई डाव्या हातानं करतात. तू बास वाजवतोस तेव्हा ते दोन्ही एकमेकांत अडकतात. म्हणजे त्यांचं तालात असतं, तुझं... हलू नको, सुई आत आहे. तर असं वाटतं, की तू जरा विश्रांती घ्यावीस."

मी "आं आं" असं काहीतरी केलं.

"दुखतंय का?"

मी नाही अशी मान हलवली. त्यानं आणखी थोडी भूल दिली. त्यामुळे मला पुढचं एक अक्षरही बोलता आलं नाही. त्याला खरंच दुखतंय असं वाटलं की त्यानं मुद्दाम केलं, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. खुर्चीतून उठताना त्यानं मला आधार दिला, दोन दिवस त्या बाजूनं चावू नको म्हणाला, आणि पैसे घेतले नाहीत. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

घरी आलो. अर्धा चेहरा बधिर, बाकी अर्ध्या चेहऱ्यानं बायकोला सगळं सांगितलं.

"तिघं मिळून आले होते का सांगायला?" तिनं विचारलं.

"नाही, हा एकटाच. आणि मला बोलता येत नव्हतं."

"मग वेळ बरोबर निवडली," ती म्हणाली आणि मऊ खिचडी टाकायला आत गेली.

रात्री पडल्या पडल्या विचार केला. चाळीस वर्षं मी असल्या हकालपट्ट्या सांगत आलो, आणि सांगताना नेहमी काढणाऱ्यांची बाजू घेत आलो. बँड पुढं जायचा तर कुणीतरी मागं राहणारच, हे माझं आवडतं वाक्य. मागं राहिलेल्या माणसानं दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय केलं असेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. मी सकाळी उठून दूध आणलं.

मग मला त्याच नावाचा दुसरा बँड काढायची बुद्धी सुचली. नाव मी ठेवलेलं, म्हणजे हक्क माझा. इतिहासात दाखले होतेच. मी ओळखीच्यांना फोन लावले. तबला वाजवणाऱ्या एका जुन्या सहकाऱ्यानं विचारलं, "बँड म्हणजे वरातीचा का?" शेवटी शाळेतले निवृत्त पी.टी.चे सर माउथ ऑर्गन घेऊन दुपारी घरी आले. त्यांना एकच गाणं येत होतं आणि ते इंग्रजी नव्हतं. मी बास जोडली. सुरुवातीला त्यांना आमच्या बँडच्या फुटीची कल्पना द्यावी म्हणून बोलायला लागलो, तर ते मध्येच घड्याळ बघून म्हणाले, "सर, मला भाजी घेऊन जायचीय." तो बँड एवढाच टिकला. याहून अल्पायुषी बँड माझ्या माहितीत नाही, आणि माझी माहिती बरीच आहे.

मग मी उद्यमनगरात गेलो. ड्रमर लेथवर होता. मला बघून त्यानं मशीन बंद केलं, हात पुसले आणि पुढं स्टूल सरकवलं.

"एवढं वाईट वाजवत होतो का मी?" मी विचारलं.

"वाईट वाजवतोस की न्हाय ते कळायला आधी वाजवाय पायजे," तो म्हणाला. "तू बोलण्यात असायचास. आन वाजवाय लागलास की गाणं एकीकडं आन तू गगनबावड्याच्या घाटात. तुला वाईट वाटलं व्हय?"

"वाटलं."

"वाटणारच की. मलाबी वाटलं. म्हणून तर डॉक्टरला पुढं घातला." त्यानं लेथवरचा कीस झटकला. मग म्हणाला, "रविवारी डॉक्टर लोकांच्या संमेलनात वाजवणार हाय. ये. रुसून बसू नको, आता ते वय न्हाय."

जायचं नाही असं ठरवून मी गेलो. हॉलमध्ये सगळ्यात मागं बसलो. वाईट वाजवतील अशी मनात आशा होती, ती पहिल्याच गाण्यात संपली. गाणं एकसंध वाजत होतं. दंतवैद्याचा आवाज मोकळा लागला होता, ड्रम जिथं पडायला हवा तिथं पडत होता, आणि खालचा तो जाड सूर बाईंच्या डाव्या हातातून येत होता, जसा मला कधी काढता आला नाही. मला हेवा वाटत होता, आणि त्याच वेळी पाय ताल धरत होता. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात होऊ शकतात हे मला त्या दिवशी समजलं.

पण लोकांना गाणी ओळखीची नव्हती. तिसऱ्या गाण्यानंतर माणसं फोन बघायला लागली, काही जेवणाच्या वासानं उठली. माझ्या शेजारचे गृहस्थ कागलचे डॉक्टर होते. त्यांनी मला हळूच विचारलं, "पावणं, हे कशाचं गाणं?"

मला एवढंच पुरलं. मी त्यांना सांगायला लागलो, की हे गाणं ज्यानं रचलं त्याला पुढं वर्षभरात त्याच बँडमधून कसं काढलं. पुढच्या रांगेतल्या दोघी वळून ऐकायला लागल्या. मग त्यांच्या पुढचे. कुणीतरी म्हणालं, जरा मोठ्यानं बोला. मला भान राहिलं नाही. भानावर आलो ते माइकमधून दंतवैद्याचा आवाज आला तेव्हा.

"मागं कोण बोलतंय ते आम्हाला माहीत आहे," तो म्हणाला. "तिथून बोलण्यापेक्षा इथं ये आणि माइकवर बोल. थोडक्यात."

हॉल हसला. माझे कान तापले, तरी मी उठलो, कारण माइक म्हटल्यावर मला बसवत नाही. स्टेजवर जाऊन मी पुढच्या गाण्याची गोष्ट सांगितली. मॅनेजरनं उभ्या केलेल्या त्या खोट्या बँडची. लोक हसले, एकदोघांनी टाळ्याही वाजवल्या. मी खुलून त्याच्या आधीच्या फळीकडे वळलो, आणि मागून ड्रमचा असा काही कडकडाट झाला की माझं वाक्य अर्ध्यात तुटलं. गाणं सुरूही झालं. मी माइक धरून बाजूला उभा राहिलो.

तेव्हापासून मी निवेदक आहे. करार साधा आहे. ड्रमर काठी उचलतो तोवर मी बोलायचं. तो कधी उदार असतो, कधी नसतो. बास गिटार दिवाणाखाली आहे, आणि बायको म्हणते की तिथं ती शोभते.

गेल्या पावसाळ्यात प्राध्यापक मुलाकडे पुण्याला कायमचे राहायला गेले. त्यांच्या जाण्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही चौघं खोलीत बसलो होतो. गिटारवाला नाही म्हणजे बँडचं काय उरतं, हा प्रश्न होता. दंतवैद्यानं माझ्याकडे पाहून विचारलं, "अशा वेळी ते लोक काय करायचे?"

मला किती तरी दाखले आठवले. नवा माणूस घेतलेले, भावाला आणलेले, नाव बदललेले, कोर्टात गेलेले. जिभेवर आले होते.

"काहीही करायचे," मी म्हणालो. "आपण आधी वाजवून बघूया."

ड्रमरनं मला नीट निरखलं. "तब्येत बरी हाय न्हवं?"

त्यांनी वाजवलं. पहिलं गाणं कोसळलं. दुसऱ्याला बाईंनी उजव्या हातानं गिटारच्या जागा भरल्या आणि ते लंगडत का होईना, शेवटपर्यंत गेलं. दुपारी मला प्राध्यापकांचा पुण्याहून फोन आला. तिकडचं पाणी, गर्दी, नातवाची शाळा सगळं बोलून झाल्यावर त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग माझ्या जागी कोण घेतलं?"

त्या सहजपणात काय आहे हे मला चांगलंच माहीत होतं.

"अजून कुणी नाही," मी म्हणालो. "आणि तुमच्यावाचून आज पहिलं गाणं पार पडलं सर. म्हणजे आडवं पडलं."

पलीकडे प्राध्यापक हसले, आणि मग कुठलं गाणं, कुठल्या ओळीला पडलं, ते सविस्तर विचारायला लागले.