आबांच्या पाठीवरचे वळ

आधीच सांगते, भुताखेताचं बोलणाऱ्याच्या तोंडावर हसणारी बाई आहे मी. तेरा वर्षं नर्स आहे, कितीतरी मढी या हातांनी धुतली... एकही उठून बसलं नाही. तरी हे लिहितेय, कारण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

परभणीहून पेडगावकडं जाताना रस्त्याला लागूनच आमचा वृद्धाश्रम आहे. लोकांना वाटतं, आम्ही म्हाताऱ्यांसोबत भजनं म्हणत बसतो. अहो, मार खातो मार! विसरण्याचा आजार जडला की माणूस चावतो, ओरबाडतो, ताट फेकून मारतो. आबा तर सगळ्यांचे बाप. माझा एक दात त्यांनी पाडला, आमच्याकडं मदतनीस असलेल्या कमलच्या मनगटाला असे चावले की टाके घालावे लागले. तरी त्यांना आंघोळ कमलच घालायची. आधी ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. ही नोकरी मिळाली म्हणून तिच्या दोन्ही पोरींची शाळा चालू राहिली.

आमच्याकडं एक नियम आहे. आंघोळीआधी सिस्टरनं — म्हणजे मी — प्रत्येकाचं अंग बघायचं आणि वहीत लिहायचं... जखम, सूज, जे असेल ते. आता लाज वाटते, पण खरं सांगते. मी काही बघत नव्हते. सकाळी चहा पिता पिता सगळ्यांपुढं 'काही नाही' असं लिहून मोकळी व्हायचे.

एका मंगळवारी दहाच्या सुमाराला कमल न्हाणीतून ओरडली. आबांच्या पाठीवर लाल वळ, कातडी फुटून रक्त आलेलं. आम्ही सेलूला त्यांच्या लेकीला फोन केला. दुपारी ती आली आणि पहिली वहीच मागितली. आंघोळीआधी 'काही नाही'. आंघोळीनंतर वळ. मधे कोण? एकटी कमल!

बाईनं पुढं काही विचारलंच नाही. कमलच्या कानाखाली अशी वाजवली की ती भिंतीवर आदळली. मग केस धरून आबांच्या खोलीत ओढत आणली. "बघ सटवे, बघ! तुझ्या बापाला असं मारलं असतंस का? पोलिसातच देते तुला!"

"म्या हात न्हाई लावला वो ताई... पोरींची शपथ," कमल तेवढंच म्हणायली होती. ओठातून रक्त गळत होतं.

मला राहवलं नाही. मधे पडले. "ताई, ती वही खोटी आहे. मी न बघताच लिहिते. तिला सोडा, द्यायचं तर मला द्या पोलिसात."

ती माझ्यावर धावून आली... तेवढ्यात आबा किंचाळले. मलम लावायला म्हणून कुशीवर निजवलेले, पाठ उघडी. आम्ही तिघी चार हात लांब. आणि भर दुपारी, आमच्या डोळ्यांदेखत फाट्‌कन आवाज झाला आणि त्यांच्या पाठीवर वळ उठला. कातडी फाटली. रक्ताचे थेंब चादरीवर उडाले. मग दुसरा वळ. आबा भिंतीकडं बघून हात जोडून रडायले होते, "नको... नको..."

लेक पलंगाजवळ सरकली. "आईच्या पाठीवर असेच असायचे," ती म्हणाली. "बैलाच्या आसुडाचे. मी लहान होते, दाराआडून बघत राहायचे." मग त्या रिकाम्या भिंतीपुढं तिनं हात जोडले. "आई, बास कर गं. लय म्हातारं झालंय ते आता."

पुढचा वळ सगळ्यात मोठा होता.

नंतर परभणीत दोन डॉक्टरांना दाखवलं. एक म्हणाले चामडीचा आजार, दुसऱ्यांनी मलम बदलून दिलं. मग तो आवाज कसला? मला आजतागायत उलगडलेलं नाही. ताईनं कमलचे पाय धरले, पोलिसांचं नाव पुन्हा निघालं नाही. मी आता अंग बघितल्याशिवाय वहीत अक्षर लिहीत नाही.

वळ अजून उठतात. आबांच्या खोलीत पाऊल टाकायला कुणी तयार नाही... एकटी कमल जाते. आंघोळ घालते, मलम लावते, चादर बदलते. परवा शेवटी विचारलंच, "कमल, भेव वाटत न्हाई का गं तुला तिचं?"

कमल बादली भरत होती. म्हणाली, "कशाचं भेव, सिस्टर? इथं आल्यापासून मला हात न लावलेली ती एकटीच हाय."