बहिणीच्या गोळ्या आणि महिन्यातले ते दिवस

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी माल तपासायचं काम करतो. एखाद्या आठवड्यात खराब कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेले भाग, वाढले, की मी आधी विचारतो, कोणत्या दिवशी, कोणत्या शिफ्टला, वाळूत ओलावा किती होता? कारण सापडल्याशिवाय भट्टीला हात लावू देत नाही. घरी मात्र मी असं एकदाही विचारलं नाही, आणि त्याचं भोगणं बहिणीच्या वाट्याला आलं.

धाकटी बहीण आमच्याकडेच असते. तिला स्किझोफ्रेनिया आहे. दोन बायका आपल्याबद्दल बोलताहेत असं तिला ऐकू येतं. गोळ्या चालू असल्या की त्या बायका लांब राहतात आणि ती गल्लीतल्या साड्यांना फॉल लावून देते. पण मधूनच आवाज चढायचे. जेवणात कुणी काही घातलंय म्हणून ती ताट सरकवायची. मी तिला डॉक्टरांकडे न्यायचो. ते विचारायचे, "घरात काही घडलं का?" मी सांगायचो, "काही नाही, अचानक झालं." मग डोस वाढायचा. दोनदा तर वाढवा म्हणून मीच आग्रह धरला. डोस वाढला की ती दिवसदिवस झोपून राही, हात थरथरे, सुईत दोरा जात नसे.

यंदा ते डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरबाई आल्या. मी नेहमीसारखं सुरू केलं, "आवाज वाढलेत, डोस वाढवावा लागेल."

त्यांनी विचारलं, "काका, पाळीच्या आसपास वाढतात का?"

मी वजनकाट्याकडे बघत बसलो. उत्तर बहिणीनंच दिलं.

"व्हय की. यायच्या आधी दोन-तीन दिवस लई बोलत्यात बाया. मग उतरतंय."

"हे आधी का नाही सांगितलंत, ताई?"

"दादा असतोय की खोलीत. आन् त्यो आता बघा कसा काट्याकडं बघतोय."

डॉक्टरबाई हसल्या. मग त्यांनी कागदावर एक रेघ काढून समजावलं. मेंदू स्वतःही स्टेरॉइडच्या जातीची काही द्रव्यं तयार करतो, त्यांना न्यूरोस्टेरॉइड म्हणतात. त्यातलं एक प्रोजेस्टेरॉन या पाळीच्या चक्रातल्या संप्रेरकापासून बनतं आणि मेंदूला शांत ठेवायला मदत करतं. पाळी जवळ आली की ते घसरतं, इस्ट्रोजेनही उतरतं. काही बायकांचा आजार नेमका तेव्हा उसळतो.

"मग त्याचीच गोळी मिळते का?" मी विचारलं.

"नेहमीच्या औषधांच्या जोडीला अशी द्रव्यं देऊन पाहिली आहेत. काहींना थोडा फायदा झाला, काहींना नाही. अभ्यास छोटे आहेत. मी आज लिहून देणार नाही, आणि तुम्ही ऑनलाइन मागवू नका." माझ्या डोक्यात तेच चाललं होतं. त्या पुढे म्हणाल्या, "सगळं पाळीमुळंच होतं असंही मी म्हणत नाही. पण कायमचा डोस वाढवण्याआधी ते दिवस तरी बघू."

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. तिनं हातातली पळी खाली ठेवली.

"मला ठाऊक होतं की. मला वाटलं तुम्ही डॉक्टरला सांगता."

"मला कसं कळणार?"

"कसं कळणार? ती मागच्या दाराशी बसते, घागरीला हात लावत नाही. पाण्याचा तांब्या भरून कोण देतं तिला? तुम्हीच की."

खरं होतं. तांब्या मीच द्यायचो, लांबून, खाली ठेवून. आवाज चढायचे आणि दोन-तीन दिवसांत ती मागच्या दाराशी बसायची, हे दोन्ही माझ्याच डोळ्यांसमोर होत होतं. फौंड्रीत दोन गोष्टी अशा लागोपाठ घडल्या असत्या तर मी दुसऱ्याच वेळी थांबवून विचारलं असतं.

पुढच्या महिन्यात आवाज पुन्हा वाढले. मी जवळ जाऊन विचारलं, "पाळी जवळ आली का?"

"व्हय. हळू इचार. शेजारनीला कशाला सांगतोयस?"

डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी डोस तोच ठेवून रोज कळवायला सांगितलं. ती दोन दिवस नीट जेवली नाही, आणि वाढीव गोळी द्यावी असं मला सारखं वाटत होतं. दिली नाही. पाळी आली, आवाज उतरले. एका महिन्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. तरी मागे वाढवून घेतलेल्या डोसांपैकी किती नको होते, हा हिशेब डोक्यातून जात नाही. डॉक्टरबाईंना तेही विचारलं. त्या म्हणाल्या, आता ते कुणालाच सांगता येणार नाही. हाताची थरथर कमी होईल, पण पूर्ण जाईल असं वचन त्या देत नाहीत.

पुढच्या तपासणीला मी सवयीनं आत निघालो. बहिणीनं दारातच अडवलं.

"तू भाईर बस."

मी बाकावर बसलो. आत दोघी बराच वेळ बोलत होत्या, मधे एकदा हसल्याचंही ऐकू आलं. बाहेर आल्यावर तिनं कागद माझ्या हातात दिला. रात्रीची गोळी थोडी कमी केली होती.

"एवढं काय बोलत होतीस?"

"तुझं न्हाय ते," ती म्हणाली, आणि चप्पल शोधायला लागली.