थांबलेल्या जीपचा नकाशा

नकाशा टेबलावर पसरलेला होता. उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार पेपरवेट. ट्रस्टचे सेक्रेटरी नाना यांनी चष्मा कपाळावर सरकवला, सावद्याजवळ बोट ठेवलं आणि मला विचारलं, "इथे रेंज आहे की नाही?"

बोटाखाली हिरवा रंग होता. स्केचपेनने तो मीच भरलेला.

समोर अँब्युलन्सचे ड्रायव्हर युसुफभाई उभे होते. बाकी सगळे बसलेले होते. युसुफभाई माझ्याकडे बघत होते. त्या खोलीत मशीन कळणारा मी एकटाच, म्हणून असेल.

मी म्हणालो, "नकाशाप्रमाणे आहे."

हे वाक्य खोटं नव्हतं. म्हणून तर ते इतकी वर्षं पचलं.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटची. मी धुळ्याला एका कंपनीत वायरलेस इंजिनियर होतो. आम्ही गाड्यांमध्ये व्हीएचएफ सेट बसवायचो. जळगावच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलने अँब्युलन्समध्ये वायरलेस बसवायचं ठरवलं आणि काम आम्हाला मिळालं. हॉस्पिटलच्या गच्चीवर मनोरा, मनोऱ्यावर अँटेना, खाली एका खोलीत ऑपरेटर. गाडी रस्त्यावर असतानाच ड्रायव्हर पेशंटची माहिती कळवणार. म्हणजे गाडी दारात येईपर्यंत डॉक्टर आणि रक्त तयार.

पण गाडीचा आवाज कुठून पोचेल आणि कुठून नाही, हे आधी सांगावं लागतं. त्यासाठी सर्व्हे करतात. जीपमध्ये सिग्नल मोजायचं मीटर ठेवायचं, रस्त्याने फिरायचं, काट्याची रीडिंग घ्यायची आणि नकाशा रंगवायचा. हिरवा म्हणजे बोलणं स्पष्ट, पिवळा म्हणजे जेमतेम, लाल म्हणजे नाही.

इथे थोडं तांत्रिक सांगावं लागेल. मनोऱ्यावरून निघालेला सिग्नल गाडीपर्यंत एकाच वाटेने येत नाही. थोडा सरळ येतो. थोडा घरावर, टेकडीवर, पुलाच्या कठड्यावर आपटून येतो. दोन माणसं एकाच वेळी गाडी ढकलतात तसे हे सिग्नल कुठे एकमेकांना जोर देतात. कुठे एक पुढून ढकलतो, एक मागून, आणि गाडी जागच्या जागी. आमच्या सेटवर ही जोराची आणि शून्याची जागा हातभर अंतरावर असायची. गाडी थांबलेली असली तर तुमच्या नशिबात जी जागा आली ती. गाडी चालू असली तर आवाज येतो, तुटतो, येतो, तुटतो. याला फेडिंग म्हणतात.

म्हणून नियम असा की रीडिंग चालत्या गाडीतून घ्यायची. एका जागेची नाही, पट्ट्याची. शे-दोनशे रीडिंग घ्यायची आणि त्यातली मधली धरायची. त्यासाठी कागदाच्या गुंडाळीवर आपोआप रेघ काढणारा रेकॉर्डर लागतो. आमचा रेकॉर्डर दुरुस्तीसाठी पुण्याला गेलेला होता.

"रेकॉर्डर आला की जातो," मी मॅनेजरना म्हणालो. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत.

"तो येईल दिवाळीला," भाऊसाहेब म्हणाले. "पुढच्या सोमवारी नकाशा ट्रस्टच्या मीटिंगमध्ये पाहिजे. दर किलोमीटरच्या दगडाशी थांब, एक रीडिंग घे, पुढे चल. आणि हे बघ, सगळं एकाच मनोऱ्यात बसवायचंय, दुसऱ्याचे पैसे नाहीत. लाल पेन जरा जपून वापर."

मी हे कॉलेजात शिकलो होतो. चूक आहे हे मला माहीत होतं. तरी निघालो.

जीपवर आबा होते. अमळनेरकडचे, पन्नाशीचे. शाळा चौथीपर्यंत, पण गाडीवर हात असा की सुपारी ठेवायला सांगितली तर तिच्यावर चाक नेऊन थांबवतील. पहिल्या दिवशी एका दगडाशी जीप थांबली. काटा पार खाली. मी चुकचुकलो आणि लाल पेन काढलं. आबांनी ते पाहिलं. त्यांनी रिव्हर्स टाकला आणि जीप हातभर मागे घेतली. काटा टणकन वर.

"दखा साहेब," आबा अहिराणीत म्हणाले, "आठे चांगला शे." इथे चांगला आहे.

मी लाल पेन खिशात ठेवलं आणि हिरवं काढलं.

पुढे ती रीतच पडली. जीप थांबली की आबा माझ्या पेनाकडे आणि काट्याकडे आळीपाळीने बघायचे. हातभर पुढे, वीतभर मागे. काटा सगळ्यात वर गेला की हँडब्रेक. दुसऱ्या दिवसापासून मला सांगावंही लागलं नाही. आपण साहेबांना मदत करतोय, असं त्यांना वाटत होतं. मीही त्यांना दोनदा चहाबरोबर भजी खाऊ घातली आणि म्हणालो, "आबा, तुमच्यामुळे काम लवकर आटपतंय."

म्हणजे त्या नकाशावर रस्ता नव्हताच. रस्त्यावरच्या निवडक चांगल्या जागा होत्या, आणि त्याही थांबलेल्या जीपच्या. सावद्याच्या अलीकडे नाल्यावर एक फरशी, म्हणजे ठेंगणा पूल, आहे. रस्ता तिथे खाली उतरतो आणि दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. तिथे काटा वर न्यायला आबांना पाच-सहा वेळा जीप मागेपुढे करावी लागली. शेवटी जमलं. मी हिरवा रंग भरला. मीटिंगमध्ये नकाशा सगळ्यांना आवडला. त्यावरून अँब्युलन्सच्या डॅशबोर्डवर एक कार्ड चिकटवलं: 'रावेरकडून येताना पहिला कॉल सावदा फरशी.'

ऑगस्टमधला रविवार. दुपारची वेळ. रावेरच्या बाजूला केळीचा ट्रॅक्टर उलटला आणि एका शेतकऱ्याचा तरुण मुलगा खाली सापडला. मांडीपासून पाय चिरडलेला. युसुफभाई त्याला घेऊन निघाले. हॉस्पिटलचे सर्जन त्या दिवशी नातेवाइकांकडे अमळनेरला गेले होते. जाताना फोन नंबर ठेवून गेले होते. निरोप मिळताच ते निघणार, असं ठरलेलं.

ऑपरेटरच्या वहीत युसुफभाईंचा पहिला कॉल भुसावळहून आल्याची नोंद होती. सावद्याहून काही नाही. मधला अर्धा तास वाया गेला. सर्जन पोचले तेव्हा उशीर झाला होता. मुलगा वाचला. पाय काढावा लागला.

वेळेवर निरोप गेला असता तर पाय वाचला असता का? सर्जन म्हणाले, सांगता येत नाही. पण मुलाच्या घरच्यांनी विचारलं, अर्धा तास गाडीत काय चाललं होतं? फैजपूरला ड्रायव्हर चहाला थांबला, अशी कोणीतरी आवई उठवली. मग चौकशी बसली आणि नकाशा टेबलावर आला.

"मी बोललो हो नाना," युसुफभाई म्हणत होते. "फरशीपासून माईक तोंडाला लावला तो भुसावळपर्यंत. नुसती खरखर. एक अक्षर इकडचं नाही, एक तिकडचं नाही."

ऑपरेटरला विचारलं. तो म्हणाला, "खरखर येते साहेब. रोजच येते."

"फरशीवर गाडी थांबवून बोललास का?" नानांनी विचारलं.

"थांबवू कशी? आत पोरगा रक्तानं भिजलेला. घरचं कोणी सोबत नाही, अर्धवट शुद्धीत तोच मागून ओरडतो, भाऊ पळव, पळव. थांबणार कसा मी?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अँब्युलन्स ही न थांबणारी गाडी. आणि मी तिला थांबलेल्या जीपचा नकाशा दिला होता. तोही आबांच्या हातभर मागेपुढेचा.

नानांनी बोट ठेवलं, प्रश्न विचारला आणि मी ते वाक्य बोललो. बाहेर पडल्यावर भाऊसाहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "विचारलं तेवढंच सांगितलंस. बरं केलंस."

युसुफभाईंना कामावरून काढलं. आम्ही केळीची पानं ओली असतात, सिग्नल खातात, असा एक कागद पाठवला आणि फैजपूरला सिग्नल पुढे ढकलणारा एक छोटा रिपीटर बसवला. पानं थोडा सिग्नल खातात, हे खरं आहे. बरीच वर्षं मी सगळं त्या पानांवरच ढकलत आलो.

मग मोबाईल आले. मी नोकरी बदलली होती. गेल्या वर्षी त्याच रस्त्यावर मोबाईलच्या मनोऱ्यांसाठी सर्व्हे निघाला. आता गाडीत लॅपटॉप असतो. गाडी चालत राहते आणि सेकंदाला कितीतरी रीडिंग आपोआप पडद्यावर उमटतात. सगळी रेघ करवतीच्या दातांसारखी. फरशीच्या उतारावर ती रेघ खाली कोसळली आणि बऱ्याच अंतरापर्यंत वर आलीच नाही. बरोबरच्या इंजिनियर बाई म्हणाल्या, "सर, इथे तर काहीच नाही."

"इथे कधीच नव्हतं," मी म्हणालो.

काम संपल्यावर मी त्यांना सावद्याला उतरवलं आणि युसुफभाईंच्या गावी, रावेरला गेलो. युसुफभाईंना शोधायला वेळ लागला नाही. दिल्लीला जाणाऱ्या केळीच्या ट्रकवर ते ड्रायव्हर होते. केळीचे घड भरणं चालू होतं. दाढी पांढरी झाली होती. मला ओळखलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. रेकॉर्डर, लाल पेन, हातभर मागे, हातभर पुढे.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "माहीत आहे मला."

"कसं?"

"तुमचा तो आबा आला होता. मला काढलं त्याच महिन्यात. एसटीने आला, दारात बसला, म्हणाला, माझ्या हाताने झालं. रडला बिचारा. मी म्हणालो, आबा, तुम्ही गाडी मागेपुढे केलीत, रंग तर साहेबांनी भरला ना? ते येतील सांगायला." त्यांनी ट्रकच्या फाळक्याची साखळी ओढून बघितली. "आम्ही दोघं नानांकडेही गेलो होतो. ते म्हणाले, इंजिनियरचं लेखी आणा. ड्रायव्हरने ड्रायव्हरची बाजू घेतली तर कोण ऐकतं, साहब? सहा महिने वाट बघितली तुमची. मग ट्रक धरला."

आबा वारले त्याला चार वर्षं झाली होती. पुढे कित्येक वर्षं ते माझ्या जीपवर होते. मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त त्यानंतर सर्व्हेला गेलो की दगडाशी जीप जिथे थांबेल तिथेच ठेवायचे. मी "थोडी मागे घ्या" म्हटलं तर इंजिन बंद करायचे. मला वाटायचं, म्हातारा कंटाळला.

"मी लेखी देतो," मी म्हणालो. "ट्रस्टला आजच पाठवतो."

"ट्रस्टला काय करायचंय आता? नाना गेले. ती नोकरी पण नको मला." "त्या पोराच्या घरी सांगाल? येता-जाता त्यांच्या दारावरूनच जावं लागतं मला."

घर दोन गल्ल्यांवर होतं. मुलगा आता बाप्या झाला होता. ओट्यावर कुबड्या बाजूला ठेवून मजुरांची हजेरी लिहीत बसला होता. त्याची आई, अक्का, आतून आली. युसुफभाईंना दारात बघून तिने पदर सारखा केला आणि तोंड फिरवलं.

मी पुन्हा सगळं सांगितलं. वायरलेस शब्द तिला कळला नसेल म्हणून म्हणालो, "अक्का, हा माणूस सगळ्या वाटेने हाका मारत होता. ऐकू जाणार नाही अशा जागी मी ऐकू जातं म्हणून लिहून दिलं होतं. हा चहाला थांबला नव्हता. कुठंच थांबला नव्हता."

मुलाने वही मिटली. तो आजपर्यंत माझ्याशी बोललेला नाही, आणि त्याने बोलावं असं मला कुठल्या तोंडाने वाटावं?

अक्का माझ्याकडे बघतच नव्हती. ती युसुफभाईंना म्हणाली, "मंग इतले वर्षं आमच्या दारावरून मान खाली घालून काऊन जात होता रे? सांगायचं नाही का?"

"काय सांगू अक्का," युसुफभाई म्हणाले. "नकाशावर हिरवं होतं."

तिने युसुफभाईंना आत बोलावलं आणि पाट मांडला. मला कोणी बस म्हटलं नाही. मी ओट्याखाली चपला घालून उभा राहिलो, मग गाडीकडे निघालो.

लेखी कागद मी तरीही दिला. एक प्रत ट्रस्टला, एक युसुफभाईंना. ट्रस्टकडून उत्तर नाही. युसुफभाईंनी आपली प्रत लॅमिनेट करून ट्रकच्या कप्प्यात ठेवली आहे, असं ऐकतो.

माझ्या हाताखाली नवीन मुलं-मुली येतात. त्यांना मी एवढंच शिकवतो की नकाशाच्या खाली एक ओळ लिहायची: रीडिंग घेताना गाडी चालत होती की थांबलेली. कोणाला ती ओळ फालतू वाटते. एकाने विचारलं, "सर, ही कंपनीच्या फॉर्ममध्ये कुठे आहे?"

नाही, म्हटलं. हाताने लिही.