विहिरीपासून लांबची खोली

माझी मावशी उभ्याने जेवते. ताट ओट्यावर, एक हात कमरेवर आणि नजर खिडकीबाहेर, अंगणातल्या खुर्चीवर. खुर्चीत काका बसलेले असतात, म्हणजे तिचा नवरा. "बस की गं जरा, गाडी सुटतेय का तुझी?" असं मी म्हटलं की म्हणते, "एकदा बसले की उठवत नाही मला." ही शुद्ध थाप आहे. खाली बसलं की खिडकीतून खुर्ची दिसत नाही, एवढंच खरं कारण आहे. मी तिची भाची, हाकेच्या अंतरावर राहते, आणि मला तिचा राग येतो. माणसाने स्वतःला पिळून घ्यावं तरी किती? तिच्या घरी जरा वेळ जाऊन आलं तरी मलाच दमायला होतं.

शेत तसं काकांचं. पुढे टोमॅटो आणि वांगी, मागच्या अंगाला लिंबाची बाग. मावशीचं काम म्हणजे शिवणयंत्र. आसपासच्या बायकांचे कपडे ती शिवायची, तोंडात टाचण्या धरून, गिऱ्हाइकांशी गप्पा हाणत. "टाचण्या तोंडात असताना हिचं हे असं, नसत्या तर काय झालं असतं?" असं काका येईल त्याला सांगायचे. ते स्वतःही काही कमी नव्हते. पाणी सोडायला म्हणून निघालेला माणूस बांधावर कुणाशी तरी बोलत उभा राहायचा आणि पाणी दुसऱ्याच वाफ्यात जायचं. आता यंत्रावर जुनी चादर टाकलेली आहे आणि फवारणीचा पंप मावशीच्या पाठीवर आला आहे. पट्ट्यांचे काळे वण तिच्या दोन्ही खांद्यांवर उठलेत. ती दाखवत नाही कुणाला. एकदा पाठीला तेल चोळून देताना मला दिसले.

काकांना झालं तरी काय, असं लोक विचारतात. काहीच झालं नाही, हीच तर पंचाईत आहे. पीक बुडालं नाही, कुणी गेलं नाही, भांडण नाही, तंटा नाही. मुलगा दूर नोकरीला आहे आणि आठवणीने फोन करतो. काकांचं मन एकेका गोष्टीवरून उडत गेलं. आधी शेतावरून, मग गप्पांवरून, मग जेवणावरून. डॉक्टर म्हणाले, हा आजार आहे, आणि गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांनी झोप लागते, दोन घास पोटात जातात. बाकी दिवसभर ती खुर्ची. लोक येऊन सांगून जातात, मन कशात तरी रमवा म्हणून. या शहाण्यांना एक दिवस त्या खुर्चीत बसवावं असं मला फार वाटतं.

आमच्याकडे फवारणीच्या विषाला औषधच म्हणतात, आणि ते घरातच असतं. मावशीकडेही मागच्या खोलीत बियाणं, फावडी, दोरखंड, आणि त्यांच्याच शेजारी फळीवर औषधं. एका दुपारी मावशी दोरी आणायला त्या खोलीत गेली, तर काका फळीसमोर उभे. हातात बाटली.

"काय शोधताय?" तिने विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. बाटली जागच्या जागी ठेवली आणि बाहेर येऊन खुर्चीत बसले.

झालं ते एवढंच. पण मावशीची झोप तेव्हापासून गेली. "जिवाचं काही बरंवाईट" एवढंच ती माझ्यापाशी म्हणाली, पुढचं वाक्य तिला बोलवेना. डॉक्टरांना मात्र तिने आडपडदा न ठेवता सांगितलं. त्यांनी गोळ्या बदलल्या, काकांशी दार लावून बराच वेळ बोलले, आणि मावशीला बजावलं की औषध घरात नको, लांब हवं, कुलपात हवं, आणि किल्ली एकाच माणसाकडे हवी. "अशी वेळ येते तशी टळतेही," ते म्हणाले. "ती टळेपर्यंत हाताशी काही नसलं पाहिजे. तेवढं तुम्ही बघा." तेवढं! मावशी हो म्हणाली आणि घरी येऊन आधी पंप धुवायला बसली.

मग आम्ही दोघींनी घर पालथं घातलं. शेतकऱ्याच्या घरात औषध कुठून कुठून निघतं, ते बघायला जिगर लागते. माळ्यावर, गोठ्याच्या कोनाड्यात, जिन्याखाली. एक बाटली चक्क शिवणयंत्राच्या खणात, कारण तिथे मुंग्या झाल्या होत्या म्हणे. उरलेलं औषध टाकून द्यायचा जीव होत नाही कुणाला. लागेल कधीतरी म्हणून ते मिळेल त्या बाटलीत ओतायचं आणि मानेला चिंधी बांधून ठेवायचं. चिंध्या मावशीच्या शिवणातल्या. लाल अळीची, निळी बुरशीची, पांढरी तणाची. काका-मावशीची ही आपसातली रीत, आणि त्यांना तिचा मोठा अभिमान. आता उन्हाने, धुळीने तिन्ही रंगांचा एकच मळकट रंग झाला होता.

"हे कशाचं गं?" मी एक बाटली वर धरली.

"बुरशीचं असेल."

"असेल म्हणजे?"

"मला काय विचारतेस? मी काय पिऊन बघितलंय?"

बोलून गेली, आणि ती बाटली माझ्या हातातून काढून घेतली. चिंधीवाल्या सगळ्या बाटल्या तिने एका पेटीत भरल्या आणि औषधाच्या दुकानदाराकडे नेऊन दिल्या. विल्हेवाट लावायची जबाबदारी त्याच्या गळ्यात घालूनच ती परत आली.

नव्या खोलीची जागा तिने स्वतः हेरली. विहिरीपासून लांब, गोठ्यापासून लांब, पाणी साचत नाही अशी बांधाकडेची उंच जमीन. शिवाय ओट्याजवळच्या खिडकीतून दार दिसलं पाहिजे, ही तिची अट. विचारील त्याला तिने उंदरांचं कारण सांगितलं. उंदीर पोती कुरतडतात, डबे पाडतात, वैताग आलाय नुसता. गवंडी आला तो तोंडाळ. "घराचं छप्पर गळतंय आणि उंदरांच्या भीतीने विषाला बंगला? मावशी, मलाही द्या की या बंगल्यात एक कोपरा."

"विटा लाव, जीभ नको लावूस," मावशी म्हणाली. पहाटेची फवारणी उरकून ती आली होती, आणि आता वाळू चाळत होती. मी चाळणी ओढून घेतली तर माझ्यावरच खेकसली.

गवंडी जमीन करत होता तेव्हा खुर्चीतून आवाज आला. "उंबरा उंच घे."

आम्ही तिघंही थबकलो. काका आपणहून बोलले होते. "आत काही सांडलं तर आतच राहिलं पाहिजे," ते म्हणाले. "जमिनीला उतार आतल्या कोपऱ्याकडे दे." एवढं बोलून ते दिवसभर पुन्हा गप्प. पण दुसऱ्या दिवशी मी गेले तर खुर्ची अंगणातून उचलून बांधाजवळ आणलेली. लाकडी फळ्या नकोत, लाकूड औषध पितं, लोखंडी घ्या. भुकटी वर, पातळ खाली, म्हणजे पातळ गळलं तरी भुकटीवर पडायचं नाही. तणाचं औषध बाकीच्यांच्या शेजारी नको, त्याचा कप्पा वेगळा. हवा खेळायला जाळी, पण वर, छपराला लागून. गवंड्याची थट्टा कुठच्या कुठे पळाली. तो "हो दादा, हो दादा" करत कामाला लागला.

मावशी वाळूच्या ढिगाशी उभी राहून हे ऐकत होती. नवरा बोलतोय म्हणून तिचा चेहरा फुलायचा आणि लगेच उतरायचा. "ज्यांच्यापायी कुलूप घालायचं तेच दार कसं करायचं ते सांगतायत," ती मला हळूच म्हणाली. "हसू की रडू, तूच सांग." मी चहा ठेवायला आत गेले.

खोली छान झाली. लोखंडी फळ्या, त्यावर दुकानातून आलेल्या तशाच, लेबल शाबूत असलेल्या बाटल्या. सांडलंच तर टाकायला वाळूची बादली. भिंतीला खिळा, त्यावर हातमोजे आणि फवारणीचे कपडे, म्हणजे ते घरात यायला नकोत. बाहेर नळ आणि साबण. दारावर कवटीचं चित्र, तेही गवंड्याने काढलेलं, त्यामुळे ती कवटी थोडी हसल्यासारखी दिसते. मावशीने कुलूप घातलं, किल्ली नाडीत ओवली आणि नाडी गळ्यात घातली.

आता तरी ही जरा निवांत होईल, असं मला वाटलं होतं. कसलं काय. आंघोळीला किल्ली गळ्यात, झोपताना गळ्यात, आणि झोपेतही हात गळ्याशी. मुलगा फोनवर म्हणायचा, चार दिवस इकडे ये, जरा बदल होईल. "येते की," म्हणायची आणि फोन ठेवायची. ती कुठेही जात नव्हती. शेजारची बाई अंगणात येऊन बसली तरच बाजारात जायची, तीही धावतपळत. मी एकदा चिडून म्हटलं, "तू कुलूप त्या खोलीला घातलंयस की स्वतःला?" ती चिडली नाही. "पाय दुखतात गं," एवढंच म्हणाली.

त्या दिवशी आम्ही दोघी बाजारातून येत होतो. शेजारच्या बाईला घरून बोलावणं आलं म्हणून ती मधेच उठून गेली होती, पण ते आम्हाला नंतर कळलं. वळणावर सावकाशराव भेटला. हा बांधापलीकडचा शेतकरी. त्याचं खरं नाव मलाही आठवावं लागतं. याने नेलेली वस्तू परत येईपर्यंत माणूस ती विसरून जातो. शेतात औषध कमी पडलं की एकमेकांकडून बाटलीभर उसनं न्यायचं आणि नवं आणलं की तेवढं ओतून परत करायचं, ही सगळ्यांचीच पद्धत. सावकाशराव हसत हसत म्हणाला, "वहिनी, मागच्या हंगामातलं तुमचं उसनं फेडलं बघा. आताच दादांच्या हातात देऊन आलो बाटली."

मावशीच्या हातातली पिशवी रस्त्यातच पडली. ती धावली. पाय दुखतात म्हणणारी माझी मावशी अशी धावेल असं मला कधी वाटलं नव्हतं, मला तिला गाठता येईना. अंगणात पोचलो तर खुर्ची रिकामी. स्वयंपाकघरात कुणी नाही. मागच्या खोलीत कुणी नाही. "अहो!" तिने हाक मारली. इतकी वर्षं तिच्या तोंडी हा शब्द ऐकला, पण तसा कधी ऐकला नव्हता, आणि पुन्हा ऐकायची माझ्यात ताकद नाही.

"इकडे," बांधाकडून आवाज आला.

काका औषधाच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले होते, बंद दाराला पाठ टेकून, भर उन्हात. चेहरा लालबुंद, सदरा घामाने चिकटलेला. बाटली समोर जमिनीवर, हात पोचणार नाही इतक्या लांब ठेवलेली.

"किती उशीर केलास," ते म्हणाले. "उघड लवकर."

मावशीने बाटली उचलली, झाकण बघितलं, पुन्हा बघितलं.

"उघडली नाही," काका म्हणाले. "पण हातात धरून बसलो होतो खुर्चीत. बराच वेळ. मग इथे आलो."

"त्यालाच परत द्यायची होतीत! हाक मारायची होती कुणाला तरी!"

"तो थांबलाच नाही. जन्मात पहिल्यांदा घाईत होता."

मावशीने कुलूप काढलं. किल्ली आधी भोकातच जाईना. बाटली आत ठेवली, कुलूप घातलं, ओढून बघितलं. मग तशीच दाराकडे तोंड करून म्हणाली, "ही खोली मी उंदरांसाठी बांधली नाही."

"ठाऊक आहे गं," काका म्हणाले. "बिजागऱ्या आतून बसव, बाहेरून उचकटता येता कामा नयेत, असं गवंड्याला कुणी सांगितलं वाटतं तुला?"

मावशी वळून त्यांच्याकडे बघत राहिली.

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ," ते म्हणाले. "आजचं सांगायला हवं त्यांना. आणि ती किल्ली गळ्यात घालू नकोस. सारखी दिसते मला. कुठे ठेवतेस ते मला कळू देऊ नकोस. मी विचारलं तरी सांगू नकोस. चिडलो तरी."

"बरं."

काका भिंतीला धरून उठले आणि तोंड लिंबाच्या बागेकडे करून, आमच्याकडे पाठ फिरवून उभे राहिले. "ठेव," म्हणाले.

मावशीने गळ्यातली नाडी काढली. किल्ली मुठीत धरून ती उभी राहिली. तिला काही सुचत नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं.

"झालं?" काकांनी विचारलं.

"थांबा."

"झालं का गं?"

"थांबा म्हटलं ना," ती म्हणाली. ती जागची हललीही नव्हती. काका मान न वळवता तसेच उन्हात उभे राहिले.